एकच माणूस, पाच नावे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





प्रथम माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दहावीचा वर्ग होता. परीक्षेचे अर्ज भरावयाचे काम वर्गशिक्षकाचे. एका मुलाचे नाव अब्दुल लतीफ. मी नावाच्या रकान्यात 'अब्दुल' आणि वडिलांच्या नावाच्या रकान्यात 'लतीफ' असे लिहून मोकळा झालो. वडिलांचे नाव राहूनच गेले. यादी तपासण्यासाठी घरी पाठविली, ती सही होऊन परत आली. कोणी वाचली नाही. गुणपत्रिका हातात पडल्यावर त्या मुलाची आई शाळेत आली. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "सर, याच्या धाकट्या भावाचं नाव अब्दुल रहीम आहे. उद्या तोही अब्दुल होणार. मग माझे दोन्ही मुलगे अब्दुल, आणि दोघांचे बाप निराळे?"

अब्दुल म्हणजे 'अमक्याचा बंदा'. पुढचा शब्द आल्याशिवाय ते नाव पुरे होत नाही, हे मला लहानपणी मकतबमध्ये शिकविले होते. मला ठाऊक असून मी चुकलो, कारण छापील अर्जाला तीन खण होते आणि मी नाव त्या खणांत बसविले. ती दुरुस्ती करून घेण्यास आम्हांला पाच महिने लागले. त्या दिवसापासून मी नावांच्या नोंदींकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो आणि आपल्या घरांतील जुनी कागदपत्रे वाचण्याचा मला नाद लागला. आज त्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

आपली नावे मुळात अरबी किंवा फारसी, बोलली जातात कोकणी मराठीत, मशिदीच्या वहीत लिहिली जातात उर्दूत, शाळेत आणि तलाठ्याच्या दप्तरात मराठीत, आणि पासपोर्टावर इंग्रजीत. आता पाहा, उर्दूत 'झ' या एका उच्चाराला चार अक्षरे आहेत: ज़े, ज़ाल, ज़ाद आणि ज़ोय. 'स'ला तीन आहेत. मराठीत आले की ती सगळी एका अक्षरात जातात, आणि मराठी 'ज' स्वतःच दोन तऱ्हेने उच्चारला जातो. म्हणून एका घरात जुबेर, झुबेर आणि झुबैर असे तिन्ही सापडतात. रजिया आणि रझिया, काजी आणि काझी सापडतात. पुढे इंग्रजीत कोणी काझीच्या आरंभी 'के' लावतो, कोणी 'क्यू', आणि जुन्या कागदांत कोठे 'सी'सुद्धा. सख्खे भाऊ, आडनावाची स्पेलिंगे दोन. मोहम्मद या मुबारक नावाचे तर विचारू नका. जुन्या मराठी दप्तरात महमद, महंमद. इंग्रजीत पाच-सहा प्रकार, शिवाय 'एम्.ओ.एच्.डी.' असे संक्षिप्त रूप, आणि ते संक्षिप्त रूपच पुढे पासपोर्टावर कायमचे नाव होऊन बसते.

यात चूक कोणाची? बहुधा कोणाचीच नाही. ऐकणाऱ्याने आपल्या कानाने ऐकले आणि आपल्या लिपीत लिहिले. इब्राहीमचा इब्राम, खदीजाची खतीजा, आयेशाची आशाबी, फातिमाची फातमा झाली. मोडी लिपी वाचणाऱ्याला माहीत असते की तीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद पाळला जात नाही, दोन शब्दांत मोकळी जागाही सोडली जात नाही. मोडीतील नोंद बाळबोधीत उतरविताना 'हुसेनमिया'चे 'हुसेन' आणि 'मिया' असे दोन इसम झाले तर नवल नाही. मिया, बी, साहेब हे आदराचे शब्द कधी नावाला चिकटतात, कधी गळून पडतात. असे फरक हे रूपभेद आहेत. ते चूक नव्हेत. खरी चूक ती की जिच्यामुळे एका माणसाच्या जागी दुसरा माणूस उभा राहतो. या दोहोंतला फरक ओळखता आला की अर्धे काम झाले. तो नेहमी सोपा नसतो, हे मी माझ्या घरात शिकलो.

माझे आजोबा जहाजावर होते. सातबाऱ्यावर त्यांचे नाव 'हुशेन महमद'. जहाजाच्या बुकात इंग्रजीत 'हूसेन', तेही दोन 'ओ' घालून. रेशनकार्डावर 'हुसेनमिया', मतदारयादीत 'हुसैन'. चारही एकच, यात आम्हांला शंका नव्हती. पण माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव होते 'हसन'. आम्ही समजत होतो की हेही त्यातलेच, हुसेनचे हसन झाले असेल. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात आमची थोडी जमीन गेली आणि २०१४ साली मोबदल्यासाठी कागद दाखल करावयाची वेळ आली, तेव्हा तेथील कारकुनाने विचारले, "जमीन हुशेनची, तुम्ही हसनचे. तुमचा संबंध काय?" वडील संतापले. मला मात्र वाटते, त्याचा प्रश्न योग्यच होता. हसन आणि हुसेन ही दोन निराळी नावे आहेत, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. आणि माझ्या आजोबांना हसन नावाचा थोरला भाऊ होता!

मग दादीला विचारले. तिला एका क्षणात आठवले. वडिलांना शाळेत घातले तेव्हा आजोबा जहाजावर होते. थोरले आजोबा मुलाचे बोट धरून शाळेत गेले. गुरुजींनी "तुमचे नाव?" असे विचारले असेल, त्यांनी आपले नाव सांगितले असेल, आणि ते बापाच्या रकान्यात पडले. म्हणजे दाखल्यावरचे 'हसन' हे हुसेनचे रूप नव्हतेच, तो दुसरा माणूस होता. म्हणून मी तुम्हांला सांगतो, कोणतीही जुनी नोंद हाती आली की पहिला प्रश्न हा विचारा: ही माहिती कोणी सांगितली, आणि कोणी लिहिली? सांगणारा घरचा होता की शेजारचा? घटना घडली त्याच दिवशी सांगितले की वीस वर्षांनी? आपल्या कोकणात घरातील कर्ता पुरुष मुंबईला, जहाजावर किंवा आखातात. दारात आलेल्या माणसाला नावे सांगितली ती काकांनी, मामूंनी, कधी शेजाऱ्यांनी. आपल्या दप्तरातील निम्म्या गोंधळाचे मूळ तेथे आहे, असे माझे मत झाले आहे.

पण दादीचे सांगणे म्हणजे कागद नव्हे. आम्ही घर उलथेपालथे केले. शेवटी पुरावा मिळाला तो माझ्या फुफीच्या पेटीत. तिचा १९७६ सालचा निकाहनामा. त्यात दुल्हन म्हणून तिचे नाव, तिच्या वडिलांचे नाव स्वच्छ उर्दूत 'हुसैन', आणि वकील म्हणून माझ्या वडिलांचे नाव, पुढे नाते लिहिलेले, 'दुल्हनचा सख्खा भाऊ'. काझींनी लिहिलेला, साक्षीदारांच्या सह्यांचा, भांडण उद्भवण्याच्या अडतीस वर्षे आधीचा कागद. त्या वेळी कोणाला कोणाची जमीन सिद्ध करावयाची नव्हती, म्हणूनच त्याचे वजन मोठे.

फुफीने तो कागद वडिलांच्या हातात दिला आणि विचारले, "भाई, माझ्या कागदानं तुमचा हक्क ठरतो. मग सातबाऱ्यावर माझं नाव का नाही?"

घरात कोणी बोलेना. १९९४ साली आजोबा वारले तेव्हा वारस नोंद झाली ती दोन मुलग्यांची. फुफीचे नाव कोणी सांगितलेच नव्हते. 'मुली लग्न होऊन गेल्या' एवढ्यावर काम भागले होते. यात कारकुनाची चूक नाही, लिपीचा दोष नाही, ऐकण्यातला फरक नाही. सांगणारे आम्हीच होतो. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, मुलाच्या निम्मा. तो आम्ही पाठ म्हणतो आणि तलाठ्यासमोर विसरतो. पालकहो, ही चूक माझ्या एकट्याच्या घरात झाली असे तुम्हांला वाटत असेल तर आज घरी जाऊन आपला सातबारा काढून पाहा, त्यावर किती बहिणी आहेत ते मोजा.

सातबारा पाहताना आणखी एक गोष्ट नजरेस येईल. कित्येक ठिकाणी थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असे लिहिलेले असते. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही हिंदू एकत्र कुटुंबातील व्यवस्था आहे. आपल्या शरियतीत एकत्र कुटुंब अशी चीज वारशाच्या बाबतीत नाही, माणूस मयत होताच प्रत्येक वारसाचा हिस्सा वेगळा ठरतो. पण लिहिणाऱ्याच्या हाताला सवय, आणि घरच्यांनाही ते सोयीचे. त्या तीन अक्षरांमागे किती भावंडे दडलेली असतात! ती शोधण्याचा रस्ता म्हणजे सातबाऱ्यावर लिहिलेला फेरफार क्रमांक. तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६ ची, म्हणजे फेरफार नोंदवहीची नक्कल मागा. तेथे कोण केव्हा मयत झाले आणि कोणकोणते वारस सांगण्यात आले हे वाचावयास मिळते. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'जौजे' किंवा 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. एवढे शब्द ठाऊक असले की जुना फेरफार बोलू लागतो.

स्त्रियांची नावे शोधणे सर्वांत अवघड. लग्नापूर्वी एक नाव, सासरी दुसरे. मध्ये बापाऐवजी नवऱ्याचे नाव. कोठे नुसते 'बी'. माझ्या फुफीचे नाव निकाहनाम्यात खदीजा, आधारवर खतिजाबी, आणि माहेरच्या गावात सगळे तिला एका लाडक्या नावाने हाक मारतात, ते मी येथे सांगत नाही, ती रागावेल. म्हणून स्त्रीचा शोध नावावरून घेऊ नये. बाप, भाऊ, नवरा, मुलगे आणि गाव या पाचांच्या आधारे घ्यावा. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिणे आवश्यक केले आहे. चांगलेच झाले. मात्र आता आईचे नाव तरी प्रत्येक मुलाच्या कागदावर एकाच तऱ्हेने लिहिले जाते ना, हे पाहणे आपल्याकडे आले.

आता तारखांविषयी. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांची जन्मतारीख १ जून आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. एवढी माणसे एका दिवशी जन्मली नाहीत. शाळा जूनमध्ये सुरू होई, गुरुजी अंदाजाने वर्ष धरीत आणि १ जून लावीत. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर १ जून १९५३ आहे. दादी सांगते, "रमजान होता आणि लावणी चालू होती." आता हिशेब करून पाहा. हिजरी वर्ष चांद्र, साधारण अकरा दिवसांनी लहान; म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. १९५३ साली रमजान मे महिन्याच्या मध्यावर सुरू झाला, तेव्हा लावणीचा प्रश्नच नाही. १९४८ ते १९५० या तीन वर्षांत मात्र तो जुलैमध्ये येतो. म्हणजे दाखल्यावर वडिलांचे वय तीन ते पाच वर्षांनी कमी लागले. तो दाखला आम्ही दुरुस्त करावयास गेलो नाही. त्याच तारखेवर त्यांची सारी नोकरी झाली, निवृत्ती झाली. प्रत्येक चूक कागदावर दुरुस्त केलीच पाहिजे असे नाही. पण घराण्याच्या वहीत मी दोन्ही लिहून ठेवले आहे, दाखल्याप्रमाणे अमुक आणि दादीच्या सांगण्याप्रमाणे तमुक. वय सांगताना कोणी 'हिजरी हिशेबाने' सांगत असेल तर तेहेतीस हिजरी वर्षांची आपली बत्तीस वर्षे होतात, हेही ध्यानात असावे. आणि जुमेरातच्या मगरिबनंतर जन्मलेल्या मुलाला घरचे जुम्याचे मूल म्हणतात, दवाखान्याच्या कागदावर मात्र गुरुवार असतो. दोघेही खरे.

ज्यांच्या घरी काझी, खतीब अशा वतनांच्या सनदा आहेत त्यांच्यासाठी एक गंमत सांगतो. पेशवाईतील मोडी कागदांवर शुहूर सन लिहिलेला असतो, तोही अंकांत नव्हे, अरबी शब्दांत. 'खमस सितैन मया व अलफ.' मराठी वाचकाला हे मंत्रासारखे वाटते. पण आपल्या मकतबमध्ये गेलेला मुलगा लगेच सांगेल, पाच, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६५. त्यात ५९९ मिळवा. १७६४ साल आले. आणि हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने १७६५ च्या मे अखेरपर्यंतचा कागद त्यात येतो. विद्यार्थी मित्रांनो, मोडी शिकणे कठीण नाही. जी तारीख वाचताना इतरांना कोष उघडावा लागतो ती तुम्ही तोंडी सांगू शकाल.

गावांची नावेही बदलतात. आजोबांच्या कागदावर 'जिल्हा कुलाबा' आणि नातवाच्या कागदावर 'जिल्हा रायगड' पाहून एका गृहस्थांना आपण चुकीच्या घराण्याचा माग काढतो आहोत असे वाटले. जिल्ह्याचे नाव १९८१ साली बदलले, एवढेच. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धनकडील मंडळींचे जुने कागद तर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानचे. तेव्हा ब्रिटिश जिल्ह्याच्या दप्तरात ते सापडावयाचे नाहीत. जी मंडळी गेल्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेली त्यांच्यातील परकारांचे तेथे 'पार्कर' झाले. तिकडून कोणी आपले मूळ गाव शोधीत आले तर आडनाव ऐकून 'हे साहेबाचे आडनाव' म्हणून त्यांना परत पाठवू नका.

आता करावयाचे काय? पालक बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधार बदलणे सोपे म्हणून आधी आधार बदलतात, मग त्यावरून पॅन, मग बँक, आणि शेवटी शाळेचा दाखला व जन्मनोंद जुन्या नावाचीच राहते. जन्मतारखेच्या बाबतीत आधार हा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका निकालात स्पष्ट केले आहे. मूळ धरावयाचे ते जन्मनोंदीचे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा, आपल्या राज्यात तो १९७० पासून लागू आहे. त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे चुकलेली नोंद दुरुस्त होते, मात्र मूळ अक्षरे खोडून नव्हे. समासात शेरा लिहून, सही व तारीख घालून. मला ही पद्धत फार आवडते. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा मुख्य पुरावा झाला आहे. तेव्हा नाव ठरवून, मराठीत आणि इंग्रजीत कसे लिहावयाचे हे कागदावर लिहूनच नोंदणीला जा. तोंडी सांगू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करून घ्या, शाळा सोडल्यावर तेच काम कितीतरी अवघड होते. सातबाऱ्यावर नुसती लेखनाची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५५ व्या कलमाखाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. आणि नाव खरोखर बदलावयाचेच असेल तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते.

आखातात जाणाऱ्यांसाठी एक सूचना. पासपोर्टावर नुसते एकच नाव, आडनावाचा रकाना कोरा, असे करू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने अशा एकेरी नावाच्या पासपोर्टावर भेटीचा व्हिसा नाकारण्यास सुरुवात केली, तेव्हा कित्येकांना तिकिटे हातात असताना थांबावे लागले. पुढे दुसऱ्या पानावरील वडिलांचे नाव चालेल असा खुलासा झाला. परंतु दर वेळी खुलासा येईलच असे नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो. जुना कागद 'नीट' करू नका. निकाहनाम्यावरील नावावर नवे अक्षर गिरवू नका, दाखल्यावरील आकडा खरवडू नका. खाडाखोड झालेला खरा कागदही खोटा ठरतो. जसे लिहिले आहे तसेच, चुकीसकट, आपल्या वहीत उतरवून घ्या. शेजारी लिहा की हा कागद कोणत्या सालचा, कोणाजवळ आहे, माहिती कोणी दिली असावी, आणि तुमचे मत काय. तुमचे मत आणि कागदाचे म्हणणे ही एका ओळीत मिसळू देऊ नका. दादी-नानींचे सांगणे लिहिताना त्यांच्याच शब्दांत लिहा. माझ्या दादीचे 'लावणी चालू होती' हे शब्द मी 'जुलै महिना' असे लिहून ठेवले असते, तर १९५३ च्या मे महिन्याशी ताळा घेण्याचे मला सुचले नसते.

आमच्या प्रकरणाचे पुढे काय झाले हे सांगून थांबतो. निकाहनामा, दादीचे आणि गावातील दोघा वृद्धांचे प्रतिज्ञापत्र, व जहाजाचे बुक एवढे दाखल झाल्यावर वडिलांचे नाते मान्य झाले. त्याच वेळी वारस नोंदीत फुफीचे नाव घालण्याचा अर्ज वडिलांनी स्वतः केला. काकांनी आधी सही दिली नाही. रमजान आला, ईद झाली, मग दिली. नोटीस लागली, हरकत कोणाची आली नाही, मंडल अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. मोबदल्यातील पाचवा हिस्सा फुफीच्या खात्यावर जमा झाला. नवीन सातबारा आला तेव्हा त्यावर तिचे नाव 'खतीजा' असे छापलेले होते. मी म्हटले, दुरुस्तीचा अर्ज करू या. ती म्हणाली, "राहू दे आता, मला सगळे खतीजाच म्हणतात."

मी अर्ज केला. जमीन पुढे तिच्या मुलांच्या नावावर व्हावयाची आहे आणि त्यांच्या दाखल्यांवर आईचे नाव 'खदीजा' आहे.

पुढील महिन्याच्या प्रत्येक रविवारी सकाळी दहा ते बारा मी शाळेच्या वाचनालयात बसेन. आपापले कागद घेऊन या. मूळ प्रती घरी ठेवा, झेरॉक्स आणा, आणि घरात जे सर्वांत वृद्ध असेल त्याला विचारून या.